एका घरात जेवलेलं माणूस

शरयू भोईटे यांचा वरचा पुढचा दात तुटला तेव्हा त्या शाळेच्या ओट्यावर मुलींबरोबर पेरू खात बसल्या होत्या. आवाज झाला नाही, दुखलंही नाही. तोंडात काहीतरी कडक आलं, ती त्यांना पेरूची बी वाटली. तळहातावर काढून पाहिलं तर दात. तिरका तुटलेला, अर्ध्याहून जास्त, आणि आतून काळसर.

त्या वर्षांत ऐकू न येणाऱ्या बहुतेक बाळांना पहिल्या वाढदिवसाच्या आतच कानाचं यंत्र बसवलं जाई, आणि ती इतर मुलांसारखीच बोलायला लागत. साताऱ्याच्या या कर्णबधिर शाळेत राहिली होती ती ज्यांची कानाची नसच दुबळी होती अशी थोडी मुलं. त्यांना शरयूबाई जुन्या पद्धतीने बोलायला शिकवत. मुलीचा तळहात आपल्या ओठांसमोर धरायचा आणि 'प' म्हणायचं, म्हणजे तिला वारा लागतो. तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून 'ब' म्हणायचं, म्हणजे तिला थरथर कळते. आणि त, थ, द, न, स म्हणताना ओठ मागे ओढून दाखवायचं, की जीभ दातांपाशी कुठे जाते ते पाहा. 'चार'मधला च टाळूपाशी, 'चाक'मधला दातांपाशी. हा फरक ऐकू येणाऱ्यांना कुणी शिकवत नाही. इथल्या मुलांना तो डोळ्यांनी आणि हातांनी शिकावा लागे.

दात तुटल्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्वा नावाच्या मुलीने 'स'साठी तळहात पुढे केला आणि गोंधळून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. वारा भलतीकडून येत होता. मग तिने बाईंचं पाहून पाहून आपली जीभ दातांच्या फटीतून बाहेर काढायला सुरुवात केली. आठवडाभरात अख्खा वर्ग तसा 'स' म्हणू लागला. शरयूबाईंना दातांच्या दवाखान्याची लहानपणापासून धास्ती होती, पण हे पाहिल्यावर त्या त्याच संध्याकाळी पोवई नाक्याजवळच्या डॉ. निलोफर बागवान यांच्याकडे गेल्या.

डॉक्टरांनी दाताचे फोटो काढले, बराच वेळ पाहिले आणि मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. या दातात लहानपणी कधीतरी सिमेंट भरलेलं होतं. ते वरून चांगलं दिसत होतं, पण दात आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाहून बारीक फट राहिली होती, आणि तिच्यातून वर्षानुवर्षं लाळ झिरपून आतला दात कुजला होता. मुळाजवळ एक भेगही दिसत होती. वर टोपी बसवली असती तर त्या भेगेवर ताण आला असता. दात काढून स्क्रूचा कृत्रिम दात बसवणंही धोक्याचं होतं, कारण शरयूबाई दोन वर्षं हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शनं घेत होत्या, आणि ती घेणाऱ्यांचा जबडा जखम भरून काढायला फार वेळ लावतो. राहता राहिली काढता-घालता येणारी कवळी. तिच्या टाळूवरच्या पत्र्यामुळे जिभेची जागाच बदलते.

"मग शिकवणं संपलंच," शरयूबाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाल्या, आणखी एक उपाय आहे, पण त्यासाठी मला तुमच्या घरातलं माणूस लागेल.

लोक त्या उपायाला जिवंत सिमेंट म्हणत. त्याच्या मागची गोष्ट अशी. दात हा दगड नाही. वरचं पांढरं कवच सोडलं तर आतला दात असंख्य सूक्ष्म नळ्यांचा असतो, त्या नळ्यांत पाणी असतं आणि मध्यभागी रक्त आणि संवेदना असलेला गाभा. दंतवैद्य पूर्वी अशा ओल्या, जिवंत वस्तूला भोक पाडून त्यात चांदीचं मिश्रण ठोकून बसवत. ते केवळ आकारामुळे अडकून राही, दाताशी त्याचं काही नातं नसे. मग प्रकाशाने कडक होणाऱ्या लुकणासारख्या पदार्थाचे दिवस आले. तो चिकटे, पण कडक होताना किंचित आकसे, आणि आकसला की फट पडे. तिसरा प्रकार काचेची पूड आणि सौम्य आम्ल यांचा. त्यातलं आम्ल दाताच्या पृष्ठभागातलं कॅल्शियम पकडतं. थोडे क्षार दातातून सिमेंटमध्ये जातात, थोडे सिमेंटमधून दातात येतात, आणि दोघांच्या मध्ये एक पातळ थर तयार होतो. तो धड दात नसतो, धड सिमेंटही नसतो. खरी चिकटण्याची क्रिया त्या थरात घडते.

नव्या सिमेंटने हा थर वाढवत नेला. त्यात घातलेली प्रथिनं नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसत, गाभ्यातल्या पेशींना जागं करत, आणि त्या पेशी सिमेंटच्या काचेतला माल वापरून नवा दात घडवायला लागत. काही महिन्यांनी सिमेंट उरतच नसे. अडचण एवढीच होती, की पहिल्या पाऊण तासात स्फटिकांनी नळ्यांच्या दिशेने उभं राहायला हवं. दातावर हलका दाब पडला की त्याच्यातल्या तंतूंत सूक्ष्म वीज तयार होते, आणि स्फटिक त्या विजेच्या मागे जातात. कंपन्यांनी दाब देणारी रबरी बोटं बनवली. त्यांचा ठोका घड्याळासारखा सारखा पडे, आणि त्याखाली वाढलेले थर ठिसूळ निघत. माणसाच्या बोटाच्या टोकाला जी नाडी लागते तिचा प्रत्येक ठोका मागच्याहून किंचित वेगळा असतो. त्या ठोक्याखाली थर घट्ट होई. का, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद होते, पण होई हे खरं.

म्हणजे कुणीतरी पाऊण तास दातावर उघडं बोट धरून बसायला हवं. हातमोज्याने नाडी बोथट होते. बोट कितीही धुतलं तरी त्यावर जंतू राहतात, आणि दाताचा गाभा त्या वेळी उघडा असतो. परक्या तोंडातले जंतू आले की गाभा सुजतो. ओळखीचे आले तर तो शांत राहतो. आणि ओळखीचे म्हणजे एका घरात, एका स्वयंपाकातलं वर्षानुवर्षं जेवलेल्या माणसाचे.

हा नियम आल्यापासून दवाखान्यांच्या बाकांवर वेगळीच मंडळी दिसू लागली होती. नवरा-बायको असत, भाऊ असत. एकदा दोन सत्तरीचे गृहस्थ आले होते. ते एकाच खानावळीत तीस वर्षं जेवले होते आणि एकमेकांचं आडनावही त्यांना धड माहीत नव्हतं, पण त्यांची तपासणी भावांपेक्षा चांगली जुळली. बोट धरायला आलेल्या माणसाला लोक गमतीने 'दात धरणारा' म्हणत, आणि ज्याने आयुष्यभर खरोखरच दात धरला असेल असा एखादा भाऊही कधीकधी येऊन मुकाट्याने पाऊण तास बसे.

शरयूबाईंच्या घरात कुणी नव्हतं. त्यांचे यजमान उदयराव पाटबंधारे खात्यात होते, त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं. कऱ्हाडची धाकटी बहीण कुंदा तयार झाली. तिच्या लाळेची तपासणी काठावर जुळली, कारण लग्नानंतर ती वेगळ्या घरचं तीस वर्षं जेवली होती. कुंदाने बोट धरलं, चांगलं धरलं. पाचव्या दिवशी शरयूबाईंचा ओठ सुजला, दात ठणकू लागला, आणि नवा थर खपलीसारखा सुटून आला.

डॉक्टर बागवान यांनी आतलं स्वच्छ केलं आणि सरळ सांगितलं, की या दातात आता आणखी एकाच प्रयत्नापुरती जागा आहे. त्यांनी विचारलं, पूर्वी तुमच्या घरात जेवलेलं कुणी आठवतंय का.

शरयूबाई म्हणाल्या, "एक मुलगी आहे. माझ्या यजमानांची, पहिल्या बायकोची."

"किती वर्षं जेवली तुमच्या हातचं?"

"आठ वर्षांची होती मी घरात आले तेव्हा. शिक्षण संपेपर्यंत."

डॉक्टरांनी तिला बोलवायला सांगितलं. शरयूबाईंनी मान हलवली आणि घरी येऊन कुणालाच फोन केला नाही.

गार्गी हैदराबादला हवामानाच्या अंदाजाच्या कचेरीत काम करत होती. ती दिवाळीला फोन करी, वाढदिवसाला करी. दोघींत भांडण असं कधी झालं नव्हतं. उदयराव गेल्यावर भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईने शरयूबाईंच्या देखत म्हटलं होतं, की आता या पोरीच्या गळ्यात सावत्र आईचं ओझं. ते शरयूबाईंना फार लागलं होतं. त्या कुणाचं ओझं झाल्या नव्हत्या आणि होणार नव्हत्या. म्हणून गार्गी कामावर परत निघाली तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवून, आपल्या मते मोठ्या मनाने, काहीतरी सांगितलं होतं. त्यानंतर गार्गी दोनदाच साताऱ्याला आली, तीही कुणाच्या लग्नाला, हॉलवर.

शेवटी कुंदानेच गार्गीला फोन केला, बहिणीला न सांगता. गार्गीने काही प्रश्न विचारले नाहीत. तपासणीची कुपी मागवून घेतली, लाळेचा नमुना पाठवला, आणि चार दिवसांनी डॉक्टर बागवान यांचा शरयूबाईंना फोन आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा होता. त्या म्हणाल्या, बहिणीपेक्षा दुप्पट जुळतंय. कारणही सांगितलं. दुधाचे दात पडून पक्के येतात त्या वर्षांत तोंडातले जंतू कायमचं बिऱ्हाड करतात. पुढे माणूस कुठेही गेलं, काहीही खाल्लं, तरी मुळाशी त्याच घरचे राहतात.

फोन ठेवल्यावर शरयूबाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा गार्गीचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते. आमटी गरम आहे का बघायला त्या तिच्याच वाटीतला चमचा तोंडाला लावत आणि मग तिला देत. पोरगी पहिले काही महिने चमच्याकडे बघे, पुसून दे म्हणे. मग एक दिवस तिने पुसायला सांगायचं सोडलं. हे त्यांना आजवर आठवलंही नव्हतं.

गार्गी शनिवारी सकाळच्या गाडीने आली. पूर्वीपेक्षा बारीक झाली होती, केस अगदी लहान कापले होते. तिने वाकून नमस्कार केला, लहानपणापासूनच्या सवयीने मावशी म्हणाली, तोंड बघू म्हणाली. शरयूबाई तोंडावर हात धरून हसल्या. दवाखान्यात जाईपर्यंत दोघी हवेबद्दलच बोलल्या, आणि ते गार्गीचं कामच असल्यामुळे ते बोलणं बरंच पुरलं.

डॉक्टरांनी नियम समजावले. आज सिमेंट भरायचं. पाऊण तास बोट हलवायचं नाही. त्यानंतर तीन आठवडे दोघींनी एकाच स्वयंपाकातलं जेवायचं, म्हणजे थर पक्का होईपर्यंत तोंडातलं वातावरण बदलणार नाही. गार्गी म्हणाली, मी तीन दिवसांची रजा काढलीय, पुढचं बघते. शरयूबाई पटकन म्हणाल्या, तिची अडचण होत असेल तर राहू द्या. गार्गीने त्यांच्याकडे पाहिलं आणि हात धुवायला गेली.

खुर्ची मागे रेलली. डॉक्टरांनी राखाडी लगदा दाताच्या जागी लावला, त्यावर पारदर्शक साचा धरला, गार्गीच्या तर्जनीला जेल लावलं आणि ती नेमक्या जागी टेकवून दिली. कोपराखाली उशी दिली. गार्गी शरयूबाईंच्या डोक्याशी बसली होती, त्यामुळे दोघींना एकमेकींचे चेहरे उलटे दिसत होते. बाजूच्या टेबलावरच्या पडद्यावर एक हिरवी रेषा उमटत होती. गार्गीची नाडी, आणि तिच्याखाली दुसरी, जरा फिकट रेषा, स्फटिकांची. डॉक्टर तिथे बसल्या.

गार्गीने सुरुवातीला हैदराबादचं सांगितलं. तिची खोली, तिच्याबरोबर राहणारी तेलुगू मैत्रीण, कचेरीतलं कँटीन. मग तिचं सांगणं संपलं. शरयूबाई छताकडे बघत होत्या. तोंडात बोट असल्यामुळे त्यांना हुंकाराशिवाय काही देता येत नव्हतं, आणि डॉक्टरांनी तोही शक्यतो नको म्हटलं होतं.

"तुला आत्ता बोलता येत नाहीये," गार्गी म्हणाली. "म्हणून मी बोलते. तू उत्तर देऊ नकोस. नंतरही द्यायला पाहिजे असं नाही."

शरयूबाईंनी डोळे तिच्याकडे वळवले.

"बाबा गेल्यावर मी निघाले त्या दिवशी तू मला म्हणालीस, गार्गी, तू आता मोकळी आहेस. माझ्यासाठी म्हणून इथे यायचं बंधन तुझ्यावर नाही. मी हो म्हणाले. तू इतकं नीट, इतकं ठरवून बोललीस, की मला दुसरं काही म्हणताच येईना. गाडीत बसल्यावर मला वाटलं, हिने हे कधीचं ठरवून ठेवलं असेल. बाबा होते म्हणून मी होते."

तिने श्वास घेतला. बोट तसंच होतं.

"मला मोकळं व्हायचं नव्हतं, मावशी. मी बावीस वर्षांची होते. आई मला आठवत नाही, बाबा गेलेले. मला कुणीतरी म्हणायला हवं होतं की कुठे निघालीस, बस खाली."

पडद्यावरची वरची रेषा उंच उंच जाऊ लागली, आणि खालची फिकट रेषा विस्कटली. डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "ठोके फार वाढलेत. बोट हलवू नका, पण शांत व्हा. असंच राहिलं तर थर ठिसूळ होईल."

गार्गीने ओठ आवळले. सांगून कुणी शांत होत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला हात उचलावा तर दात हलेल या भीतीने ती आणखी ताठ झाली. नाडी आणखी धावली.

शरयूबाईंनी आपला उजवा हात वर केला, चाचपडत गार्गीचा मोकळा डावा हात धरला आणि तो खाली ओढून आपल्या गळ्यावर ठेवला. तळहात पसरून, बोटं कानाच्या पाळीपर्यंत, वर्गात मुलींचा ठेवतात तसा. मग त्या गुणगुणू लागल्या. गाणं नव्हतं, एकच खालचा सूर, श्वास पुरेल इतका लांब, मग श्वास, मग पुन्हा तोच.

डॉक्टर थांबवायला अर्ध्या उठल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसल्या. वरची रेषा खाली येत होती. गार्गीचा श्वास आपोआप त्या सुराच्या लांबीएवढा झाला होता, जसा वर्गात नव्या, बिथरलेल्या मुलींचा होतो. गळ्याची थरथर तिच्या डाव्या हाताला लागत होती. दातातून येणारी तीच थरथर उजव्या बोटाला. खालची फिकट रेषा विस्कटायची थांबली, रेंगाळली, आणि पुन्हा एका दिशेला चालू लागली.

उरलेला वेळ तो सूर चालू राहिला. शरयूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी कानशिलांवरून केसांत गेलं, ते तसंच वाळलं.

डॉक्टरांनी साचा काढून दात तपासला. भिंगातून बराच वेळ पाहिलं. मध्ये एका ठिकाणी थर जरा विरळ आहे, पण भरून येईल असं वाटतं, म्हणाल्या. उद्या सकाळपर्यंत तोंड बंद ठेवायचं, बोलायचं नाही.

त्या संध्याकाळी गार्गीने कचेरीत फोन केला. तिचं काम घरून होण्यासारखं होतं, तिने आजवर कधी मागितलं नव्हतं एवढंच. वरिष्ठांनी तीन आठवडे दिले. शरयूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बोलायला बंदी असल्यामुळे त्यांना 'कशाला एवढं' असंही म्हणता आलं नाही.

एका स्वयंपाकाचे ते आठवडे सोपे गेले नाहीत. मऊ भात, पिठलं, दुधात कुस्करलेली भाकरी, असं रोज खाऊन गार्गी कंटाळली. ती उशिरा उठे, शरयूबाईंना सकाळी सातला शाळेत जायचं असे. भांडी कशी लावायची यावरून एकदा दोघींत खटका उडाला, आणि सात वर्षांच्या सभ्य फोनांनंतर तो दोघींना जवळपास बरा वाटला. शरयूबाई ओट्याशी उभ्या राहून जेवतात हे गार्गीच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. विचारल्यावर त्या म्हणाल्या, एकटीसाठी कुठे ताट-पाट मांडायचं. गार्गीने टेबलावरची रद्दी उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन टाकली आणि दोन ताटं मांडली. मग रोजच मांडू लागली.

तिने त्या पाऊण तासातलं बोलणं पुन्हा काढलं नाही. शरयूबाईंनीही काढलं नाही, पण त्या ते विसरल्या नव्हत्या. भाजी चिरताना, वर्गात मुलींचे हात गळ्यावर धरताना ते त्यांच्या मनात चालू असे. आपण जे दिलं ते तिने काय म्हणून घेतलं, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी स्वतःला ओझं होऊ दिलं नव्हतं, आणि पोरीला धरायला काही ठेवलं नव्हतं. उत्तर देऊ नकोस असं ती म्हणाली होती. शिवाय एवढ्या वर्षांनी काय सांगायचं? तेव्हा माझं चुकलं, असं म्हटलं तर ती नाही नाही म्हणेल, आणि विषय तिथेच संपेल. शरयूबाईंना तो संपायला नको होता.

तीन आठवडे झाल्यावर दोघी पुन्हा दवाखान्यात गेल्या. डॉक्टर बागवान यांनी फोटो काढला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. जुना दात कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो, ती रेघ डॉक्टर शोधत होत्या आणि त्यांना सापडत नव्हती. विरळ जागाही भरून आली होती. थोड्या महिन्यांत उरलंसुरलं सिमेंटही दात होऊन जाईल, त्या म्हणाल्या. मग त्यांनी शरयूबाईंना अक्षरं म्हणायला लावली. शरयूबाईंनी त, थ, द, न म्हटलं. स म्हटला. स्वतःच्याच तळहातावर वारा घेऊन पाहिला. गार्गी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, पूर्वीपेक्षा छान येतोय, आणि डॉक्टर हसल्या.

"आता एकत्र जेवायची सक्ती नाही बरं का," डॉक्टर गार्गीला म्हणाल्या. "तुमची सुटका झाली."

बाहेर ऊन उतरलं होतं. गार्गीची हैदराबादची गाडी रात्रीची होती, बॅग तिने सकाळीच भरून ठेवली होती. दोघी फुटपाथवरून चालत होत्या. गार्गी म्हणत होती, की घरी गेल्यावर काय काय आवरायचं आहे, तू उद्यापासून नीट बसून जेव, पूर्वाला एकदा मला व्हिडिओवर 'स' म्हणून दाखवायला सांग. शरयूबाई हो हो म्हणत होत्या. चौकात सिग्नलला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "गार्गी."

"काय?"

"जाऊ नकोस."

गार्गीने त्यांच्याकडे पाहिलं. सिग्नल सुटला, माणसं त्यांना ओलांडून पुढे गेली.

"तुला काम आहे, मला माहितेय. तुझं घर तिथे आहे. हेही माहितेय की तू जाणार. पण मी म्हणतेय, जाऊ नकोस. मला तू मोकळी नको आहेस. हे मला तेव्हा म्हणता आलं नाही. आणि दाताचा काही संबंध नाही. दात बरा झालाय."

गार्गीने फोन काढला आणि मान खाली घालून बराच वेळ त्यात काहीतरी केलं. शरयूबाई शेजारी उभ्या राहिल्या. एक रिक्षावाला हळू होऊन विचारून गेला.

"रद्द नाही केलं," गार्गी शेवटी म्हणाली. "पुढच्या रविवारचं केलं. त्या सोमवारी कचेरीत जायलाच लागेल मला, मीटिंग आहे. पण पुढच्या महिन्यात मी पुन्हा येईन, आणि तू कशाला आलीस असं म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"काहीच म्हणायचं नाही?"

"बस खाली म्हणेन," शरयूबाई म्हणाल्या.

गार्गीने तोंड फिरवलं आणि रस्त्याच्या पलीकडे बघत राहिली. मग तिने शरयूबाईंच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. सिग्नल पुन्हा पडला होता. तो सुटल्यावर त्या घराकडे न वळता मंडईच्या बाजूला वळल्या, कारण घरात भाजी नव्हती.